हाडं, नोंदवह्या आणि रक्ताचा थेंब

१९८४ साल उजाडलं तेव्हा अर्जेंटिनातल्या दफनभूमींत बुलडोझर शिरले होते. पावणेआठ वर्षांची लष्करी राजवट डिसेंबर १९८३ मध्ये संपली होती, राउल अल्फोन्सिन निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि बेपत्ता माणसांचं काय झालं, हे लोक आता उघडपणे विचारू लागले होते. ठिकठिकाणच्या न्यायाधीशांनी निनावी थडगी उघडण्याचे हुकूम काढले. ते अमलात कसे आणायचे, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. दफनभूमीतले कामगार, पोलीस, जो हाताशी असेल तो खोदू लागला. यंत्राच्या एका फेरीत दोन-तीन सांगाडे एकदम वर येत, कवट्या फुटत, दात मातीत विखुरत, बंदुकीच्या गोळ्या ढिगाऱ्यात हरवत. कडेला आईबाप उभे असत. त्यांच्यासमोर हाडांचा नुसता ढीग साचे. त्यातलं कुठलं हाड कुणाचं, हे सांगणारा कुणी नसे.

सरकारी शवचिकित्सक होते की! पण त्यांच्यातले काही राजवटीच्या काळात पोलिसांनी आणलेल्या मृतदेहांच्या दाखल्यांवर सह्या करणारेच होते. त्यांच्या हाती पुन्हा तेच मृतदेह द्यायला घरचे लोक तयार नव्हते. शिवाय शवचिकित्सकाचं शिक्षण मांस, रक्त आणि अवयव यांचं. आठ वर्षं मातीत पडलेल्या कोरड्या हाडांशी त्यांचा फारसा परिचय नव्हता. हाडं वाचणारे शास्त्रज्ञ म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ, आणि अर्जेंटिनातल्या त्या मंडळींनी तोवर इंका-पूर्व लोकांच्या कवट्या मोजल्या होत्या. खुनाच्या खटल्यात साक्ष द्यायचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता.

बेपत्तांची चौकशी करायला अल्फोन्सिन यांनी कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला होता. त्या आयोगाने आणि नातवंडांचा शोध घेणाऱ्या आज्यांच्या संघटनेने अमेरिकेतल्या विज्ञान प्रगती संस्थेकडे मदत मागितली. त्या संस्थेतल्या एरिक स्टोव्हर यांनी तज्ज्ञांचं एक पथक जमवलं. जून १९८४ मध्ये ते ब्युनोस आयर्सला उतरलं. दंतवैद्य होते, शवचिकित्सक होते, मेरी-क्लेअर किंग या आनुवंशशास्त्रज्ञ होत्या. आणि होते क्लाइड स्नो.

स्नो टेक्सासचे. काउबॉय बूट, तोंडात सिगारेट, बोलणं संथ. त्यांची बरीचशी नोकरी अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनात गेली होती. अपघातात माणसं कशी मरतात, याचा अभ्यास हे तिथलं काम. १९७९ मध्ये शिकागोला कोसळलेल्या विमानातल्या जळालेल्या प्रवाशांची ओळख पटवण्यात ते होते. त्याच शहराजवळ एका माणसाने घराखाली पुरलेल्या तरुणांच्या सांगाड्यांवरही त्यांनी काम केलं होतं. अर्जेंटिनात त्यांनी ढीग पाहिले आणि पहिली मागणी केली ती अशी: खोदकाम ताबडतोब थांबवा.

थांबवलं, तर पुढे खोदणार कोण? स्नो यांनी तिथल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेकडे माणसं मागितली. कुणी आलं नाही. तेव्हा पुढे आले ते विद्यार्थी. मॉरिस टिडबॉल-बिंझ वैद्यकीचा विद्यार्थी. इंग्रजी चांगलं म्हणून दुभाष्या झाला आणि मग आपल्या ओळखीच्या मुलांना घेऊन आला. पात्रिसिया बेर्नार्दी, मेर्सेदेस दोरेत्ती, लुईस फोंदेब्रिदेर, दारिओ ओल्मो, आलेहांद्रो इंचाउर्रेगी. बहुतेक जण विशीतले, मानववंशशास्त्र किंवा पुरातत्त्व शिकणारे. प्रागैतिहासिक वसाहतींवर ब्रश आणि करणी घेऊन बसायची सवय होती, एवढीच त्यांची शिदोरी. राजवट जाऊन जेमतेम सहा महिने झाले होते. ती परत येणार नाही, याची खात्री कुणालाच नव्हती, आणि ज्यांनी ही माणसं मारली ते अजून पोलिसात आणि सैन्यात पगार घेत होते. मुलं आधी कचरली, मग हो म्हणाली. पहिलं थडगं त्यांनी राजधानीच्या उत्तरेला बुलोन्येच्या दफनभूमीत उघडलं: दोऱ्या बांधून चौकोन आखले, माती थरांनी काढली, प्रत्येक बादली चाळणीतून गाळली. स्नो यांची शिस्त पुढे या पथकाची रीत झाली. दिवसा काम करायचं. रडायचं असेल तर रात्री.

असं सुरू झालेलं हे पथक म्हणजे अर्जेंटिनाचं न्यायवैद्यक मानववंशशास्त्र पथक. आज पन्नासहून अधिक देशांत काम करून आलेलं, जगातल्या अशा बहुतेक पथकांचा आदर्श. पण ते केवळ हाडांच्या ज्ञानावर उभं राहिलं, असं समजणं चूक ठरेल. त्यांची निम्मी लढाई कागदांच्या ढिगाऱ्यात झाली, आणि ते कागद मारेकऱ्यांच्याच कचेऱ्यांत तयार झाले होते.

त्याचं असं झालं. राजवटीने माणसं गुपचूप उचलली, गुप्त छावण्यांत छळली आणि गुपचूप मारली. पण मृतदेह एकदा रस्त्यावर, नदीकाठी किंवा उकिरड्यावर सापडला की नगरपालिकेचं, पोलिसांचं, दफनभूमीचं नेहमीचं यंत्र सुरू होई. पंचनामा होई, डॉक्टर दाखला देई, दफनभूमीच्या वहीत तारीख, लिंग, अंदाजे वय, मृत्यूचं कारण आणि थडग्याचा क्रमांक चढे. नावाच्या रकान्यात दोन अक्षरं: एन. एन. आपल्याकडच्या पोलीस ठाण्यात 'अनोळखी मयत इसम' अशी अकस्मात मृत्यूची नोंद होते, तशीच ही. कारकुनाला कटात घ्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा त्याची गरज वाटली नाही. दोन खात्यांतली ही फट पथकाला पुढे चाळीस वर्षं पुरली.

स्नो यांनी एका स्थानिक सहकारी स्त्रीबरोबर ब्युनोस आयर्स प्रांतातल्या दफनभूमींच्या या वह्या तपासल्या, १९७० ते १९८४ पर्यंतच्या. साथीच्या रोगाचा माग काढावा तसा त्यांनी खुनांचा माग काढला. दर शहरात दर वर्षी काही बेवारस मृतदेह पुरले जातातच. साधारणपणे ते म्हाताऱ्या, गरीब, एकट्या पुरुषांचे असतात. थंडीने, दारूने, आजाराने गेलेल्यांचे. १९७६ नंतर काही दफनभूमींच्या वह्यांत वेगळीच माणसं दिसू लागली. वय विशी-तिशी. बायकांचं प्रमाण वाढलेलं. मृत्यूचं कारण गोळी. एकही थडगं न उघडता, नुसत्या रकान्यांवरून, कुठे खोदायला हवं ते समजत होतं.

एप्रिल १९८५ मध्ये लष्करी सत्ताधीशांवर नागरी न्यायालयात खटला उभा राहिला. स्नो साक्षीला आले आणि त्यांनी भिंतीवर पारदर्शिका दाखवल्या. मार देल प्लाता इथल्या दफनभूमीत मिळालेला एका तरुणीचा सांगाडा. सरकारी कथा अशी, की ती सशस्त्र चकमकीत मारली गेली. कवटीच्या ठिकऱ्या झालेल्या. तुकडे जोडल्यावर दिसलं, की छऱ्यांची बंदूक अगदी जवळून झाडली होती. चकमकीत असं होत नाही. कटीच्या हाडावरच्या खुणांवरून ती बाळंत झाली होती, असंही स्नो यांनी सांगितलं. (आजचे अस्थितज्ज्ञ त्या खुणांवर एवढा भरवसा ठेवत नाहीत.) पण नौदलाच्या तंत्रशाळेतल्या छावणीतून वाचलेल्या बायकांनी तिला तिथे बाळंत होताना पाहिलं होतं. मुलगा झाला होता. शेवटच्या पारदर्शिकेवर तिचा हसरा फोटो होता. त्या वर्षी डिसेंबरात या सत्ताधीशांपैकी व्हिदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. तिच्या मुलाचा पत्ता लागायला २००८ साल उजाडावं लागलं.

न्यायालयात हाडं एवढं बोलली म्हटल्यावर पुढचा रस्ता सरळ असायला हवा होता. तो तसा नव्हता. सैन्यात कुरबुर सुरू झाली तशी सरकारने माघार घेतली. १९८६ मध्ये नवे खटले भरण्याला मुदत घालणारा कायदा आला, १९८७ मध्ये हुकूम पाळणाऱ्या अधिकाऱ्यांना माफी देणारा दुसरा. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी, कार्लोस मेनेम यांनी, शिक्षा झालेल्या सेनानींनाही सोडून दिलं. खुनी माहीत, पुरावा हातात, आणि खटला नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, की आता खोदायचं कशाला? पथकाने त्याच काळात आपलं सर्वांत मोठं खोदकाम केलं.

राजधानीला लागून असलेल्या आवेयानेदा या कारखानदारी उपनगरातल्या दफनभूमीत १३४ क्रमांकाचा एक विभाग होता. बाकीच्या दफनभूमीपासून भिंतीने तोडलेला, रस्त्याकडून स्वतंत्र दार असलेला. रात्री लष्करी गाड्या त्या दाराने आत येत. १९८८ ते १९९२ अशी चार वर्षं पथक तिथे खपलं. तीनशेहून अधिक सांगाडे निघाले, त्यांच्याबरोबर शेकडो गोळ्या. बहुतेक सामूहिक खड्ड्यांत, कपड्यांशिवाय, एकावर एक. त्यांच्या नावांसाठी मात्र बहुतेकदा दहा-वीस वर्षं थांबावं लागलं, कारण जुन्या हाडातून डीएनए काढायचं तंत्र तेव्हा बाल्यावस्थेत होतं. तोवर साधन एकच: घरच्यांना विचारणं. उंची किती? हात कधी मोडला होता का? पुढचा दात तुटका होता का? दंतवैद्य कोण? गरीब घरातल्या मुलाला दंतवैद्य कुठला! क्ष-किरणांचे फोटो हरवलेले, आणि आई सांगे ते मुलाच्या डोळ्यांबद्दल, जे हाडावर दिसत नाहीत.

इथे कार्लोस सोमिल्याना यांची कामगिरी मोलाची आहे. सेनानींच्या खटल्यात ते सरकारी वकिलांच्या कचेरीत होते. नंतर पथकात आले. कोण कुठल्या तारखेला उचललं गेलं, कुठल्या छावणीत कुणाला दिसलं, कुठल्या दिवशी तिथून एकदम पंधरा-वीस जण 'हलवले' गेले, आणि त्याच सुमाराला कुठल्या दफनभूमीत किती एन. एन. आले, याची ते वर्षानुवर्षं सांगड घालत राहिले. वाचलेल्या कैद्यांच्या आठवणी एका बाजूला, नगरपालिकेच्या वह्या दुसऱ्या. त्या जुळल्या, की हा खड्डा बहुधा त्या छावणीतल्या त्या गटाचा, इतपत अंदाज बांधता येई. मग हजारो नावांऐवजी वीस नावं उरत. वीस घरांत जाऊन विचारता येतं.

सगळ्या घरांचं दार उघडलं असं नाही. प्लासा दे मायो चौकात दर गुरुवारी फेरी घालणाऱ्या, बेपत्तांच्या आयांमध्ये १९८६ मध्ये फूट पडली, आणि तिच्या कारणांत उत्खननही होतं. हेबे दे बोनाफिनी यांच्या गटाचं म्हणणं स्पष्ट होतं: आमची मुलं जिवंत नेलीत, जिवंत परत द्या. हाडांची पेटी हातात घेतली की सरकारची जबाबदारी संपली. कुणी मारलं हे न सांगता मेलेला तेवढा परत दिला, हे आम्हाला मान्य नाही. माफीचे कायदे आलेले पाहता त्यांचा संशय अनाठायी होता, असं म्हणवत नाही. दुसऱ्या गटातल्या आया म्हणत, मला फूल ठेवायला जागा हवी आहे. पथकाने पाळलेला नियम असा, की घरच्यांची इच्छा नसेल तर थडगं उघडायचं नाही. विज्ञानाच्या जोरावर कुणावर दुःख लादायचं नाही, हे विशीतल्या पोरांना सुचलं, याचं आजही नवल वाटतं.

कागदांचा मोठा साठा हाती लागला नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. फौजदारी शिक्षा शक्य नसल्या तरी घरच्यांना सत्य समजण्याचा हक्क आहे, म्हणून काही न्यायालयांनी 'सत्यशोधन खटले' सुरू केले, आणि त्यातून ब्युनोस आयर्स प्रांताच्या पोलिसांचे दप्तरखाने उघडले. आत होते बेवारस मृतदेहांच्या बोटांचे ठसे. म्हणजे एका खात्याने माणूस नाहीसा केला, आणि दुसऱ्याने त्याच्या प्रेताची दहा बोटं शाईत बुडवून कागद फाइलला लावला. अर्जेंटिनात प्रत्येक नागरिकाचे ठसे ओळखपत्रासाठी घेतलेले असतात. दोन कागद शेजारी ठेवायचा अवकाश होता. ते वीस वर्षं कुणी ठेवले नव्हते.

आणि हे घडलं कुठे, तर ला प्लाता ज्याची राजधानी आहे त्या प्रांतात! बोटांच्या ठशांच्या इतिहासात या गावाचं स्थान फार वरचं. क्रोएशियाहून आलेला हुआन वुचेतिच हा तिथला पोलीस कर्मचारी. १८९१ मध्ये त्याने एका फ्रेंच नियतकालिकात फ्रान्सिस गाल्टन यांच्या ठशांवरच्या संशोधनाबद्दल वाचलं आणि कैद्यांचे ठसे घ्यायला, त्यांचं वर्गीकरण करायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी नेकोचेआ गावात दोन लहान मुलांचा खून झाला. आईने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. दारावर रक्ताळलेला अंगठा उमटला होता. तपासाला आलेल्या अधिकाऱ्याने दाराचा तेवढा तुकडा करवतीने कापून घेतला. अंगठा आईचा निघाला. ठशांवरून उलगडलेला हा जगातला पहिला खून मानतात.

गाल्टन यांच्याकडे ही कल्पना कुठून आली, हे शोधत मागे गेलं की आपण बंगालमध्ये पोचतो. १८५८ मध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने कोनाई नावाच्या एका कंत्राटदाराकडून करारावर सहीऐवजी पंजाचा ठसा घेतला. माणसाने पुढे शब्द फिरवू नये, एवढाच हेतू. पुढे हुगळीत त्याने निवृत्तिवेतन आणि दस्तनोंदणीसाठी ठसे वापरले, आणि त्याने जमवलेला संग्रह गाल्टन यांच्या अभ्यासाला आधार झाला. बंगालमध्ये काम थांबलं नाही. एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालच्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाची पद्धत बसवली, १८९७ मध्ये कलकत्त्याला जगातला पहिला ठसे विभाग निघाला, आणि पद्धतीला नाव मिळालं साहेबाचं. इंग्रजी बोलणाऱ्या जगाने हेन्री पद्धत घेतली, लॅटिन अमेरिकेने वुचेतिचची. मूळ दोन्हींचं एकच: हुगळीकाठी रयतेवर नजर ठेवायला काढलेली युक्ती. ती शंभर वर्षांनी ला प्लाताच्या दप्तरखान्यात भलत्याच बाजूने साक्ष देऊ लागली.

चे गेवाराचं उदाहरण याच पठडीतलं. ऑक्टोबर १९६७ मध्ये बोलिव्हियात त्याला गोळी घातल्यावर त्याचे हात कापून ठेवले गेले. चे मूळचा अर्जेंटिनाचा, त्यामुळे ठसे तिथल्या सरकारदप्तरी होते. तिथले पोलीस तज्ज्ञ येऊन ते जुळवून गेले. हात जगाला पुरावा म्हणून हवे होते, उरलेला देह लपवायचा होता. जुलै १९९७ मध्ये वाये-ग्रांदे गावच्या जुन्या धावपट्टीजवळ क्युबाच्या तज्ज्ञांना सात सांगाडे मिळाले आणि अर्जेंटिनाचं पथक मदतीला गेलं. त्यातल्या एकाला दोन्ही हातांचे पंजे नव्हते.

लपवण्याचा सगळ्यात पक्का उपाय म्हणजे समुद्र, असं नौदलाला वाटलं होतं. कैद्यांना गुंगीचं औषध टोचून विमानातून अटलांटिकमध्ये फेकत. आदोल्फो सिलिंगो या नौदल अधिकाऱ्याने १९९५ मध्ये ते स्वतः कबूल केलं. पण डिसेंबर १९७७ मध्ये वारा आणि प्रवाह उलटे वाहिले असावेत. किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या गावांत काही मृतदेह लागले. स्थानिक डॉक्टरने दाखल्यावर कारण लिहिलं: उंचावरून कठीण पृष्ठभागावर आदळून. मग जवळच्या हेनेराल लावाये इथल्या दफनभूमीत एन. एन. म्हणून दफन.

२००५ मध्ये पथकाने त्यातल्या काहींची ओळख पटवली. एक होती असुसेना व्हियाफ्लोर, चौकातल्या आयांना पहिल्यांदा एकत्र आणणारी. तिला १० डिसेंबर १९७७ रोजी उचललं होतं. ओळख पटलेल्यांत आणखी दोन आया होत्या, आणि त्यांना साथ देणारी फ्रेंच जोगीण लेओनी दुके. हाडांवरचे अस्थिभंग उंचावरून पडण्याशी जुळत होते. डॉक्टरने सत्तावीस वर्षांपूर्वी लिहिलेला शब्द खरा निघाला. असुसेनाच्या अस्थी तिच्याच चौकात ठेवल्या.

ही कथा इथेही थांबत नाही. पत्रकार मिरियाम लेविन स्वतः त्या तंत्रशाळेच्या छावणीतून जिवंत सुटलेल्या. त्यांनी आणि इटालियन छायाचित्रकार जानकार्लो चेराउदो यांनी विमानंच शोधायला घेतली. किनारारक्षक दलाचं एक स्कायव्हॅन विमान विकलं जाऊन फ्लोरिडात टपाल वाहत होतं. त्याच्या उड्डाणनोंदी जपलेल्या होत्या. १४ डिसेंबर १९७७ ची रात्र, तीन तासांहून थोडं जास्त उड्डाण, जिथून निघालं तिथेच उतरलं, वैमानिकांची नावं. त्या नोंदीवर २०१७ मध्ये वैमानिकांना जन्मठेप झाली. माफीचे कायदे तोवर रद्द झाले होते. विमान २०२३ मध्ये अर्जेंटिनाला परत आलं, आणि त्याच वर्षी युनेस्कोने तंत्रशाळेतलं स्मृतिसंग्रहालय जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता रक्ताबद्दल. नातवंडं शोधणाऱ्या आज्यांचा प्रश्न उलटा होता. त्यांच्या लेकी आणि सुना छावणीत बाळंत झाल्या, मारल्या गेल्या, आणि बाळं लष्करी घरांत वाटली गेली. आईबाप नाहीत, मग नातू ओळखायचा कसा? मेरी-क्लेअर किंग यांनी आजीच्या रक्तावरून नातं ठरवण्याचं गणित मांडायला मदत केली, आणि पुढे आईकडूनच मुलांत उतरणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा आधार घेतला. आजी, तिची लेक, लेकीचं मूल: तिघांत तो सारखा असतो. १९८७ मध्ये कायद्याने राष्ट्रीय आनुवंशिक माहिती पेढी उभी राहिली. जिवंत म्हाताऱ्यांचं रक्त त्यांच्या मृत्यूनंतरही नातवाची वाट पाहू शकेल, अशी सोय. आजवर १३० हून अधिक नातवंडं मिळाली आहेत. हेच तंत्र पुढे पथकाने मृतांसाठी उलटं वापरलं. २००७ नंतर दूरचित्रवाणीवर आवाहनं झाली, की घरातलं कुणी त्या काळात बेपत्ता असेल तर रक्ताचा नमुना द्या. हजारो घरांनी दिला. आवेयानेदाच्या पेट्यांना नावं मिळू लागली ती यानंतर. तरीही शेकडो पेट्या आजही निनावी आहेत.

पथकाच्या या शाळेतून बाहेर पडलेल्यांनी मग जग पालथं घातलं. एल साल्वादोरमधल्या एल मोसोते गावात डिसेंबर १९८१ मध्ये सैन्याने कत्तल केली होती, आणि सरकार म्हणत होतं, ती चकमक. १९९२ मध्ये पथकाने चर्चशेजारची एक खोली खोदली. किमान १४३ सांगाडे, त्यांतले १३१ बारा वर्षांखालच्या मुलांचे. चकमकीचा विषय तिथेच संपला.

माल्विनास, इंग्रजीत फॉकलंड. इथली गोष्ट निराळी आहे, कारण इथे मृतांची काळजी घेतली ती शत्रूने. ब्रिटनशी झालेल्या १९८२ च्या युद्धात अर्जेंटिनाचे ६४९ जण मेले. बरेचसे सक्तीने भरती झालेले, उष्ण उत्तरेकडच्या गरीब प्रांतांतले पोरगे. अनेकांच्या गळ्यात ओळखबिल्लाही नव्हता. युद्धानंतर माळरानावर, खंदकांत, घाईने खणलेल्या खड्ड्यांत ते पडून होते. त्यांना गोळा करून नीट पुरायचं काम आलं जेफ्री कार्डोझो या स्पॅनिश जाणणाऱ्या ब्रिटिश कॅप्टनकडे. त्याने प्रत्येकाचे खिसे तपासले, पत्र, पदक, अंगठी, काय मिळालं ते टिपलं. नाव कळलं नाही तर देह तीन आवरणांत गुंडाळला आणि कुठे सापडला ते न पुसणाऱ्या शाईने लिहिलं. फेब्रुवारी १९८३ मध्ये डार्विन दफनभूमी तयार झाली. एकशेएकवीस थडग्यांवर कोरलं होतं, की हा केवळ देवालाच ठाऊक असलेला अर्जेंटिनाचा सैनिक. कार्डोझोचा अहवाल वरिष्ठांकडे गेला, तिथून अर्जेंटिनाला पोचला आणि कपाटात गेला.

२००८ मध्ये हुलिओ आरो हा युद्धातला माजी सैनिक युद्धाचे मानसिक आघात समजून घ्यायला लंडनला गेला. तिथे त्याला भेटलेला दुभाष्या म्हणजे हाच कार्डोझो, आता निवृत्त. निघताना त्याने आरोच्या हातात एक लिफाफा ठेवला: अहवालाची प्रत. पुढची आठ वर्षं आरो आणि पत्रकार गाब्रिएला कोसिफी यांनी सैनिकांच्या आया शोधत गावं पालथी घातली. आयांना भीती होती, की ओळखीच्या नावाखाली मुलांना तिथून हलवतील, आणि बेटांवरचा आपला हक्क जाईल. हलवणार नाही, एवढं पटल्यावर होकार येत गेले. दोन्ही सरकारांनी डिसेंबर २०१६ मध्ये रेडक्रॉसला काम दिलं. २०१७ च्या दक्षिणी हिवाळ्यात थडगी उघडली गेली, आणि रेडक्रॉसच्या चमूचा प्रमुख होता मॉरिस टिडबॉल-बिंझ. डीएनएची तपासणी झाली पथकाच्या कोर्दोबा इथल्या प्रयोगशाळेत. तीन आवरणांमुळे देह अपेक्षेपेक्षा चांगले टिकले होते. वर्षाच्या शेवटी ८८ नावं आली. मार्च २०१८ मध्ये दोनशेहून अधिक नातेवाईक नव्या पाट्या पाहायला डार्विनला गेले.

मेक्सिकोत या विद्येचा ओघ उलट्या दिशेने वाहतो आहे. २०१४ मध्ये आयोत्सिनापाच्या ४३ विद्यार्थ्यांना पोलिसांनी उचललं, आणि सरकारने सांगितलं, की गुंडांनी त्यांना कोकुलाच्या कचरा डेपोत जाळलं. अर्जेंटिनाच्या पथकाने राख, मुळं, दगड तपासले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर केलं, की पुरावा या कथेला आधार देत नाही. सरकारच्या तज्ज्ञांवर विश्वास उरला नाही, तेव्हा घरच्यांनी स्वतःच सळया हाती घेतल्या. इंग्रजी टी आकाराची लोखंडी सळई जमिनीत ठोकायची, ओढून काढायची, टोकाचा वास घ्यायचा. कुजका वास आला की तिथे खोदायचं. वेराक्रूसमध्ये मे २०१६ मध्ये मातृदिनाच्या मोर्चात आयांच्या हाती अनोळखी लोकांनी हाताने काढलेला नकाशा दिला. त्यावर फुल्या होत्या. कोलिनास दे सांता फे नावाच्या त्या माळावर पुढच्या तीन वर्षांत जवळजवळ तीनशे कवट्या मिळाल्या. नकाशा मिळेपर्यंत तिथे एकाही सरकारी अधिकाऱ्याने फावडं चालवलं नव्हतं.

या बायका आता मातीचा रंग, दबलेलं गवत, खचलेली जमीन वाचतात. पण अर्जेंटिनातल्या मुलांना सापडल्या होत्या तशा नोंदवह्या त्यांना बहुधा सापडत नाहीत. त्यांच्या देशात बेपत्तांची अधिकृत संख्या २०२२ मध्ये एक लाखावर गेली, आणि शवागारांत व सामूहिक थडग्यांत हजारो मृतदेह सरकारच्याच ताब्यात ओळखीविना आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये ग्वादालाहारा शहराच्या वेशीवर एक शीतगृहाचा ट्रेलर दुर्गंधीमुळे लोकांच्या नजरेत आला. आत मृतदेह खचाखच भरलेले. शवागारात जागा नाही म्हणून तो इथून तिथे फिरवला जात होता. बातमी फुटली, न्यायवैद्यक संस्थेचा प्रमुख गेला, आणि दाराशी नातेवाइकांची रांग लागली. त्यांच्या हातात छापलेले फोटो होते. आत गेल्यावर ते आधी गोंदणांची यादी मागत.